वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घराचे आणि बागेचे जुने छायाचित्र कसे वाचावे

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या छायाचित्रात दगडी घर असते, पुढे बाग असते आणि खाली 'थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे निवासस्थान' अशी ओळ छापलेली असते. ती ओळ वाचली की आपण चित्रात त्या शास्त्रज्ञाची बाग शोधू लागतो, आणि पहिली चूक तिथेच होते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे जॉन बार्ट्रम यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १७२८ मध्ये स्कुलकिल नदीच्या पश्चिम काठावरचे शेत विकत घेतले, तिथले दगडी घर पुढे वाढवत नेले, रानोमाळ हिंडून झाडे व बिया गोळा केल्या आणि लंडनचे पीटर कॉलिन्सन यांच्यामार्फत त्यांच्या पेट्या इंग्लंडला पाठवल्या. १७७७ मध्ये ते वारले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी. त्यामुळे बार्ट्रम यांच्या घराचे कोणतेही छायाचित्र त्यांच्या हातची बाग दाखवू शकत नाही. ते टिपले त्या वर्षी, त्या ऋतूत आणि तेव्हाच्या मालकाच्या ताब्यात असलेली बाग ते दाखवते. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचे वाचन बरेच सोपे होते.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, आणि वाड्यातल्या ट्रंकांमध्ये जुने फोटो सांभाळून ठेवलेल्या कुटुंबांनीही, सरावासाठी हे परके घर घ्यावे असे मला वाटते. कारण एवढेच, की इथे आपले अनुमान पडताळून पाहता येते. घराचे व बागेचे मोजमापांसह नकाशे, छायाचित्रे आणि तपशीलवार इतिहास लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अमेरिकेतील ऐतिहासिक भूदृश्यांच्या शासकीय नोंदणीत, फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाची पहिल्या क्रमांकाची नोंद याच बागेची आहे. आपल्याकडच्या बहुतेक वाड्यांचा आणि बागांचा असा आराखडा कुठेच नाही, म्हणून हात बसवायचा तो जिथे उत्तर तपासता येते तिथे.

सुरुवातीला वहीचे एक पान आडवे धरून तीन रकाने आखावेत: 'दिसते', 'अनुमान' आणि 'बाहेरून कळले'. छायाचित्राखालची छापील ओळ तिसऱ्या रकान्यात जाते, मग ती कितीही अधिकृत वाटो. 'खांबांवर ऊन पडले आहे' हे पहिल्या रकान्यात, 'सकाळची वेळ असावी' हे दुसऱ्या रकान्यात. हे रकाने एकदा मिसळले की आपण काय पाहिले आणि काय ऐकले हे सहा महिन्यांनी आपल्यालाही सांगता येत नाही.

आधी वस्तू, मग चित्र

छायाचित्र ही आधी एक वस्तू असते, आणि तिचे वय ठरवण्याचे बरेचसे पुरावे चित्राबाहेर असतात. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आरशासारखी चकाकणारी प्रतिमा असेल तर ते डॅगेरोटाइप आहे. त्याची निगेटिव्ह नसते, आणि त्यात बहुधा डावे-उजवे उलटलेले असते, म्हणजे घराचे दार प्रत्यक्षात आहे त्याच्या विरुद्ध बाजूला दिसते. कागदावरचा, पिवळसर-तपकिरी झाक असलेला फोटो बहुधा अल्ब्युमेन प्रकारचा असतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला हा कागद १८५० पासून वापरात आला आणि शतक संपेपर्यंत टिकला. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले तर त्यात कागदाचे तंतू दिसतात. नंतरच्या जिलेटिन कागदावर खाली पांढरा बरायटा थर असल्यामुळे ते तंतू झाकले जातात आणि जुन्या प्रतीच्या गडद भागांवर तिरप्या उजेडात चांदीसारखी निळसर चमक येते. भिंगाखाली सुबक ओळींत मांडलेले ठिपके दिसले तर ते छायाचित्र नसून पुस्तकातली किंवा मासिकातली छपाई आहे.

एका लांबट पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन जवळपास सारखी चित्रे चिकटवलेली असतील तर ते स्टीरिओ कार्ड. बागांची पुष्कळ छायाचित्रे याच रूपात विकली गेली आणि वाचकाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहेत. दोन्ही चित्रे किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेली असल्याने जवळचे झाड एका चित्रातून दुसऱ्यात जास्त सरकते, दूरचे कमी. पट्टी लावून हे सरकणे मोजले की कोणते झाड घराला लागून आहे आणि कोणते पुष्कळ पुढे आहे हे ठरवता येते. एकट्या चित्रात हे कळत नाही. पुठ्ठ्याची मागची बाजूही पाहावी. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी छायाचित्रांवर कर बसवला होता आणि १८६४ ते १८६६ या काळात विकलेल्या फोटोंच्या मागे महसुली तिकीट चिकटवलेले सापडते. असे तिकीट मिळाले तर विक्रीचा काळ दोन वर्षांच्या आत येतो.

प्रत हातात असेल तर ती काळजीपूर्वक हाताळावी, आणि आपल्या हवेत ही काळजी जास्तच लागते. मे महिन्यातली बेचाळीस अंशांची कोरडी धग अल्ब्युमेन प्रतीला वाकवते, आणि पावसाळ्यातली ओल जिलेटिनला चिकट करून ती चौकटीच्या काचेला घट्ट बसवते. काचेला चिकटलेला फोटो सोलून काढू नये, काचेसकटच त्याचा फोटो घ्यावा. ओल्या फडक्याने पुसणे, उन्हात वाळवणे, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे, यांतले काहीही करू नये. देवघराच्या भिंतीवरची जागा समईच्या काजळीमुळे आणि बाहेरच्या भिंतीतला कोनाडा ओलीमुळे वाईट. प्रती आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून घराच्या आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवाव्यात. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद देखणा असतो आणि तो वापरावा असे कुणालाही वाटेल, पण हातकागद म्हणजे आम्लमुक्त असे गृहीत धरू नये, करणाऱ्याला विचारून खात्री करावी.

स्कॅन करताना चित्र कृष्णधवल दिसले तरी रंगीत पद्धतीनेच, किमान ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात, पुठ्ठ्याच्या चारही कडा आणि मागची बाजू यांसह करावे, आणि शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. फोटो 'स्वच्छ' किंवा 'स्पष्ट' करणारी मोबाइलची ॲप्स या कामात पूर्णपणे टाळावीत. ती अस्पष्ट जागी नवी पाने आणि नव्या खिडक्या रचतात, आणि त्या इतक्या खऱ्या वाटतात की पुढचा अभ्यासक त्यांनाच पुरावा समजतो.

ऊन, सावली आणि पानांचा काळेपणा

१८५१ नंतरची सुमारे तीस वर्षे बहुतेक बाहेरची छायाचित्रे ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे त्या चिकट रासायनिक द्रावाचा ओला थर दिलेल्या, काचांवर घेतली गेली. या काचेला निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा चांगला दिसतो. हिरवा फार कमी दिसतो, पिवळा आणि लाल जवळजवळ नाहीच. म्हणून आकाश कोरे पांढरे येते, त्यावरून दिवस ढगाळ होता असे म्हणता येत नाही. झाडी काळपट गोळ्यासारखी येते, त्यावरून ती दाट होती असेही म्हणता येत नाही. फुलांचे तर सगळेच उलटते. आपल्या ओळखीची फुले डोळ्यांपुढे आणा: अशा काचेवर गोकर्णाची निळी फुले पांढुरकी उमटतील, पिवळी शेवंती आणि केशरी झेंडू काळपट दिसतील, आणि बहरलेला पळस म्हणजे एक गडद डाग असेल. म्हणून 'पांढऱ्या फुलांचा ताटवा' असे लिहिण्याआधी थांबावे आणि 'फिकट उमटलेली फुले' असे लिहावे. १८८० च्या दशकात हिरवा व पिवळा रंग बरा टिपणाऱ्या काचा आल्या, त्यामुळे पानांचे बारकावे दिसत असतील तर तीही काळाची एक खूण ठरते.

काच उघडी ठेवण्याचा वेळ काही सेकंदांचा असे. वाऱ्यात हललेली फांदी धुरकट होते, स्थिर खोड मात्र स्वच्छ येते. चालून गेलेला माणूस धुराच्या रेषेसारखा राहतो किंवा उमटतच नाही. बाग ओसाड दिसते म्हणून ती ओसाड होती असे म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

सावलीसाठी मात्र मराठवाड्यातल्या वाचकाने आपली सवय जरा बाजूला ठेवावी. फिलाडेल्फिया सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, छत्रपती संभाजीनगर २० अंशांच्या किंचित खाली. डिसेंबरच्या मध्यान्ही दहा फुटांच्या खांबाची सावली आपल्याकडे साडेनऊ फुटांच्या आत राहते, तिथे ती वीस फुटांपर्यंत जाते. जूनच्या मध्यान्हीही तिथे ती तीन फूट असते आणि उत्तरेलाच पडते. आपल्याकडे मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि तोकडी सावली दक्षिणेला पडते. लांब सावली दिसली की 'सकाळ किंवा संध्याकाळ' असे आपण चटकन म्हणतो, पण त्या अक्षांशावर ती हिवाळ्यातली भर दुपारही असू शकते.

बार्ट्रम यांच्या घराची खांबांची दर्शनी बाजू नदीकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे. त्या बाजूवर थेट ऊन असेल तर वेळ सकाळची. खांब सावलीत आणि मागचे आकाश उजळ असेल तर दुपार उलटून गेलेली. चित्र उलटे छापले गेले आहे का हेही याच टप्प्यावर तपासावे. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढणे सहज घडत असे. घरावर १७३१ आणि १७७० ही वर्षे कोरलेले दगड आहेत. मोठ्या स्कॅनमध्ये त्यांपैकी एखाद्यावरचे अक्षर सुलट वाचता आले तर शंका उरत नाही. नाहीतर नकाशावरची दारे-खिडक्या चित्राशी जुळवून पाहाव्यात.

मालक कोण होता

आता चित्र बागेच्या कोणत्या काळात बसते ते पाहायचे. बार्ट्रम यांच्यानंतर त्यांची मुले आणि मग नात ॲन व तिचे पती रॉबर्ट कार यांनी इथे रोपवाटिकेचा व्यवसाय चालवला. १८५० मध्ये तो अडचणीत येऊन मालमत्ता विकली गेली आणि रेल्वे इंजिने बनवणारे उद्योजक अँड्र्यू ईस्टविक यांनी ती घेतली. त्यांनी स्वतःसाठी जवळच नवा बंगला बांधला आणि जुने घर व झाडे राखली. १८७९ मध्ये ते वारल्यावर बागेची आबाळ झाली. तरुणपणी ईस्टविक यांच्याकडे माळी असलेले आणि पुढे नामांकित रोपवाटिकाकार झालेले टॉमस मीहान यांनी नगरपरिषदेत ही बाग वाचवण्याचा प्रश्न लावून धरला, आणि १८९१ मध्ये फिलाडेल्फिया शहराने ती ताब्यात घेतली. ज्या माणसाने तिथे माती उकरली त्यानेच पुढे ती जागा शहराला घ्यायला लावली, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे भाग्य वाटते.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातले चित्र ढोबळमानाने चारपैकी एका काळातले असणार: रोपवाटिकेचा, खासगी उद्यानाचा, दुर्लक्षाचा आणि सार्वजनिक बागेचा. भिंतीवर वेल बेफाम चढलेली, पायवाटा गवताखाली गेलेल्या, खिडक्यांची झडपे मोडकी, अशी चिन्हे एकत्र दिसली आणि पुठ्ठाही त्या काळाला साजेसा असला तर १८७९ ते १८९१ हे अनुमान दुसऱ्या रकान्यात लिहिता येते. नुसत्या वेलीवरून ते लिहू नये. कित्येक मालक भिंतीवर वेल हौसेने चढवत.

झाडांची नावे सर्वांत शेवटी

वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी झाडांपासून सुरुवात करतात. हा मोह आवरावा, कारण ऋतू आणि वेळ ठरल्याशिवाय झाड ओळखणे म्हणजे अंदाज बांधणे. आपल्याकडे पानगळ पाहायची सवय माघ-फाल्गुनातली आहे. फिलाडेल्फियात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि झाडे एप्रिलपर्यंत उघडी राहतात. या बागेत एक प्रचंड बाल्ड सायप्रस होता आणि एकोणिसाव्या शतकात पाहुणे खास तो पाहायला येत. हा सूचिपर्णी वृक्ष असूनही हिवाळ्यात पाने गाळतो. पाइन-देवदार सदाहरित असतात एवढेच ठाऊक असलेला वाचक हिवाळी चित्रातला तो वृक्ष वाळलेला समजेल. गिंकोचेही तसेच, आणि इथला गिंको १७८५ च्या सुमारास आलेला मानला जातो.

चित्रात फ्रँकलिनिया शोधण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि ते साहजिक आहे. जॉन आणि त्यांचा मुलगा विल्यम यांना १७६५ मध्ये जॉर्जियातल्या अल्टामाहा नदीकाठी हे झाड आढळले. १८०३ नंतर ते रानात कुणाला दिसलेले नाही. आज जगात जेवढी फ्रँकलिनिया आहे ती या बागेत जपलेल्या रोपांचीच संतती मानली जाते. परंतु ते लहानसर झाड आहे, फुलते उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि कोलोडियनच्या काचेवर पाने नुसती काळी येतात. फुले उघडी असलेले जवळचे चित्र नसेल तर तिचे नाव लिहू नये. खोडाची ठेवण, फांद्यांचा कोन, उंची आणि घराशी असलेले अंतर एवढेच नोंदवावे, आणि नाव लिहिलेच तर 'बहुधा' या शब्दासह आणि कारणासह.

हीच रीत मराठवाड्यात

हिमायतबाग किंवा बीबी का मकबरा यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांवर 'मोगल बाग' अशी ओळ असते. वास्तू मोगलकालीन आहे हे खरे, पण चित्रातली झाडे निजामाच्या राजवटीतली आहेत. बार्ट्रम यांच्या बाबतीत केलेला हिशेब इथेही तसाच लागू होतो. ही चित्रे संग्रहांच्या सूचीत शोधताना छत्रपती संभाजीनगरच्या 'औरंगाबाद' या पूर्वीच्या नावाची जुनी इंग्रजी स्पेलिंगेही घालून पाहावीत. मधल्या 'रं'साठी 'ए'ऐवजी 'यू' लिहिण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती.

घरगुती फोटोंमध्ये बाग कडेला असते. ओसरीवर खुर्च्या मांडून बसलेले कुटुंब मधोमध, आणि डाव्या कडेला अर्धे तुळशीवृंदावन, उजवीकडे आडाचा काठ आणि लिंबाची एक फांदी. मोठी प्रत काढताना स्टुडिओवाले नेमक्या याच कडा कापतात, म्हणून मूळ प्रत मागावी. वरची बाजूही बघावी. माळवदाची कड गवताने भरलेली असेल तर पाऊस होऊन गेला आहे, आणि पांढरी माती नुकतीच टाकून चोपलेली दिसत असेल तर पावसाळा तोंडावर आहे. केळ, शिंदी, पारंब्यांचा वड हे खात्रीने ओळखता येतात. डाळिंब, पारिजातक आणि सीताफळ यांच्यात दुरून फरक करणे धोक्याचे आहे. अंगणात गाजरगवत दिसले तर फोटो एकोणिसाव्या शतकातला असू शकत नाही, कारण ते तण आपल्याकडे १९५० च्या दशकात पसरू लागले.

सगळ्यांत जास्त गोंधळ मागे लिहिलेल्या सालाचा होतो. मजकूर उर्दूत किंवा मोडीत असतो, आणि आकडा कोणत्या गणनेतला हे बहुधा लिहिलेले नसते. मागे नुसते '१३०५' असेल तर ते हिजरी धरल्यास १८८७-८८ येते आणि हैदराबाद संस्थानातले फसली धरल्यास, ५९० मिळवून, १८९५-९६. दोहोंत आठ वर्षांचे अंतर पडते. सरकारी दफ्तराशी संबंधित घर असेल आणि महिन्याचे नाव इराणी पद्धतीचे, म्हणजे आजर, दय, बहमन असे असेल तर फसली धरावे. मोहरम, सफर असे असेल तर हिजरी. नुसते '१८०७' लिहिलेले असेल तर ते इसवी असणे शक्यच नाही, तेव्हा छायाचित्रणच नव्हते. ते शके आहे, आणि ७८ मिळवले की १८८५ येते. मोडी वाचणारे लोक आता थोडे उरले आहेत, म्हणून मागच्या बाजूचा स्कॅन त्यांच्यापर्यंत आधी पोहोचवावा, चित्राचा अभ्यास मागाहून झाला तरी चालेल. घरातल्या ज्येष्ठांनाही फोटो दाखवून 'हे झाड कुठे होते, कधी पडले' असे विचारावे आणि त्यांचे शब्द तिसऱ्या रकान्यात, तारखेसह, जसेच्या तसे उतरवावेत.

शेवटी वर्णनाची ओळ लिहावी. समजा बार्ट्रम यांच्या घराचे एक स्टीरिओ कार्ड आपल्यासमोर आहे आणि वरील सर्व तपासणी झाली आहे, तर ती ओळ अशी होईल: 'जॉन बार्ट्रम यांचे घर, नदीकडील बाजू, अल्ब्युमेन प्रत, स्टीरिओ कार्ड, मागे महसुली तिकीट, त्यावरून विक्री १८६४ ते १८६६, सकाळचे ऊन, झाडे निष्पर्ण, मालकी ईस्टविक यांची, डावीकडील उंच वृक्ष बहुधा बाल्ड सायप्रस, खोडाच्या ठेवणीवरून.' वाड्याच्या फोटोसाठी हाच क्रम ठेवून गावाचे, तालुक्याचे व जिल्ह्याचे नाव, फोटो कोणत्या घरातून मिळाला ते आणि मागच्या मजकुराचे मोडी किंवा उर्दूतून केलेले लिप्यंतर जोडावे. स्कॅनच्या फाइलला गाव, वर्ष आणि क्रमांक असे नाव द्यावे. मूळ फोटो ज्यांचा त्यांना परत करावा, आणि त्यांची परवानगी असेल तर एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात व दुसरी वेगळ्या ठिकाणच्या हार्ड डिस्कवर ठेवावी.